जलरंग: पहिला वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) झाला की चित्र फाडावंसं वाटतं, आणि दुसऱ्यांची चित्रं पाहिली की ब्रशच उचलवत नाही

ओला_कागद

जलरंगात निसर्गचित्रं करतो, दोन वर्षं झाली. साहित्य असं: ए-फोर आकाराचा २०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) साधा ड्रॉइंगचा कागद, विद्यार्थी दर्जाच्या १२ ट्यूब, गोल ब्रश ४, ८ आणि १२ नंबरचे. आठवड्याला दोन-तीन चित्रं होतात.

अडचण हाताची आहे की डोक्याची, हेच कळेनासं झालंय. आकाश आणि लांबच्या टेकड्या झाल्या की चित्र फिकट, निर्जीव वाटायला लागतं. मग त्यावर पुन्हापुन्हा ब्रश फिरतो, रंग गढूळ होतो आणि कागद फाडला जातो. दहातली सहा-सात चित्रं अशी जातात. दुसरं म्हणजे, बसण्याआधी फोनवर चांगल्या जलरंगकारांच्या रील पाहतो, शिकायला म्हणूनच. पण त्या पाहिल्या की आपलं सगळं पोरकट वाटतं.

तीन प्रश्न आहेत. चित्र चालू असताना मनातली टीका थांबवायची कशी? तुलना पूर्ण बंद करायची की तिचा काही उपयोग करता येतो? आणि टीका कमी केली तर दर्जा घसरणार नाही ना? ‘स्वतःवर प्रेम करा’ छापाचा सल्ला नको, टेबलावर बसल्यावर नेमकं काय करायचं ते सांगा.

---

तळेकाठ

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण तुम्ही सांगितलेली वेळ फार नेमकी आहे. आकाश झालं, लांबच्या टेकड्या झाल्या आणि तिथेच चित्र मेलेलं वाटलं. जलरंगात जवळजवळ प्रत्येक चित्र त्या टप्प्यावर मेलेलंच दिसतं. त्याचं कारण डोळ्याच्या कामात आहे, तुमच्या लायकीत नाही.

डोळा कुठलीही छटा एकटी मोजत नाही, शेजारच्या छटेशी ताडून मोजतो. पहिल्या वॉशनंतर कागदावर फक्त पांढरं आणि फिकट एवढंच असतं. गडद काहीच नसल्यामुळे मधल्या छटांना उठाव येत नाही. त्यात जलरंग ओला असतो तेव्हा गडद दिसतो आणि सुकला की फिकट पडतो. दोन्ही गोष्टी एकाच दहा मिनिटांत घडतात. तुम्ही आकाशाची दुरुस्ती करायला जाता, पण आकाशात चूक नसतेच, समोरचं गडद झाड अजून यायचं असतं एवढंच.

यावर एक साधा उपाय. उरलेल्या कागदाची एक इंच रुंद, तीन इंच लांब पट्टी कापा. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) सायीइतके दाट कालवून ती जवळजवळ काळी रंगवा आणि सुकवून टेबलावर कायम ठेवा. पहिला वॉश सुकला की ती पट्टी, जिथे पुढचं झाड किंवा घराची सावली येणार आहे, तिथे ठेवून पाहा. फिकट वाटणारं आकाश बहुतेक वेळा जागच्या जागी बसतं. पट्टी ठेवूनही आकाश पांढरटच वाटलं, तर ते खरोखर फिकट झालंय. मग पूर्ण सुकू द्या आणि एकच पातळ थर एका दमात द्या. अर्धवट ओल्यात हात घालू नका.

गढूळपणाचंही कारण सांगतो. कागदाची ओल चार अवस्थांतून जाते: पाणी चकाकतं, मग तकाकी मंदावते, मग तकाकी जाते पण हाताची मागची बाजू टेकवली तर थंड लागतं, आणि शेवटी कोरडं. पहिल्या अवस्थेत रंग सोडता येतो. दुसऱ्या अवस्थेत फक्त आधीपेक्षा दाट रंग सोडता येतो. तिसऱ्यात काहीही करायचं नाही. नेमक्या या तिसऱ्या अवस्थेत मन ‘फिकट झालं, काहीतरी कर’ म्हणतं. तिथे पाणीदार ब्रश लागला की फुलकोबीसारखे डाग उठतात, घासलं की खालचा थर उचलला जातो आणि सगळं मिसळून माती होते.

म्हणून तिसऱ्या अवस्थेत ब्रश पाण्याच्या भांड्यात नको, टेबलावर आडवा ठेवा आणि खुर्चीवरून उठा. पंधरा मिनिटं पाणी भरा, भांडी लावा, काहीही करा. मनाला गप्प बसवण्यापेक्षा हाताला कामावरून काढणं सोपं असतं.

---

रेघ_आणि_डाग

तळेकाठ यांच्या पट्टीला माझं पूर्ण अनुमोदन. मी तुलनेबद्दल लिहिते.

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. त्याचं एक सूत्र असं की, स्वतःची क्षमता मोजायला बाहेरचं ठोस माप हाताशी नसेल तेव्हा माणूस दुसऱ्या माणसांशी ताडून स्वतःला मोजतो. धावणाऱ्याकडे घड्याळ असतं. चित्रकाराकडे काय असतं? आपल्याकडे शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटची श्रेणी असते, त्यानंतर काहीच नाही. ती पोकळी आता फोन भरून काढतो. म्हणून तुलना सोडा असं सांगून ती सुटत नाही. तिच्या जागी दुसरं माप ठेवावं लागतं.

पण आधी हे पाहा की तुम्ही करताय ती तुलना बरोबरीची तरी आहे का.

कागद. मऊ ढग आणि धुक्यात विरणाऱ्या कडा दाखवणारे बहुतेक लोक १०० टक्के कापसाचा, ३०० जीएसएमचा कागद वापरतात. त्यावर ओल जास्त वेळ टिकते आणि दुसरा थर देताना खालचा सहसा हलत नाही. तुमचा २०० जीएसएमचा कागद लाकडाच्या लगद्याचा असणार. तो लवकर सुकतो, पाण्याने फुगून त्याला दऱ्या पडतात, रंग त्या दऱ्यांत साचतो. तोच हात, तोच रंग, तरी तो ढग या कागदावर येणार नाही. स्वतःला दोष देण्याआधी एकदा तरी कापसाच्या कागदाच्या तुकड्यावर तोच वॉश देऊन पाहा.

हवा. इंग्लंडच्या थंड दमट हवेत केलेला वॉश आणि मे महिन्यातल्या नागपूरचा वॉश यांची बरोबरी होऊच शकत नाही. उन्हाळ्यात कोरड्या हवेत दोन-तीन मिनिटांत तकाकी जाते. पावसाळ्यात कोकणात तोच थर अर्धा तास ओलसर राहू शकतो आणि घाई केली की सगळं पसरतं. कोरड्या हवेत कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर किंवा ॲक्रिलिकच्या फळीवर चिकटवा, काम करायला बराच वेळ मिळतो. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकूनही सुकणं लांबतं. जास्त टाकलं तर रंग चिकट राहतो, म्हणून बेतानेच.

आकार. पूर्ण इम्पिरियल कागद २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याची २२ इंचांची बाजू फोनवर पावणेतीन इंचांत बसते, म्हणजे चित्र आठपट लहान दिसतं. चुका, डाग, थरथरलेल्या कडा सगळं आठपट लहान. आणि स्वतःचं चित्र तुम्ही नाकासमोर एक फुटावरून पाहता! समान पातळीवर यायचं तर स्वतःच्या चित्राचा फोटो काढा. उन्हात नको, फ्लॅशही नको, सकाळी खिडकीजवळच्या सावलीत काढा. मग तो त्याच फोनवर, त्याच आकारात, त्या दुसऱ्या चित्राशेजारी पाहा. फरक उरेलच, पण जेवढा आहे तेवढाच दिसेल.

वेळ. चाळीस मिनिटांचं काम साठ सेकंदांत दाखवलं की वेग चाळीसपट झाला. सुकण्याची वाट पाहणं कापलेलं असतं, आधीच्या फसलेल्या खेपा तर कॅमेऱ्यासमोर आलेल्याच नसतात. त्यामुळे रीलमधून तंत्राचा क्रम शिकता येतो, गती आणि आत्मविश्वास शिकता येत नाही. पाहायच्याच असतील तर चित्र करून झाल्यावर पाहा. आधी पाहिल्या की हात त्या दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करायला बसतो आणि समोरचं झाड दिसेनासं होतं.

आता दुसरं माप. एका वेळी एकच गुण घ्या, आणि तो मोजता येणारा असावा. उदाहरणार्थ कडा. आवडलेल्या चित्राच्या छापील प्रतीवर दोन इंचांचा चौकोन आखा. त्यात कडक कडा किती, मऊ किती, शेजारच्या रंगात विरून पूर्ण हरवलेल्या किती, ते मोजा. मग स्वतःच्या चित्रातही तेवढ्याच आकाराचा चौकोन घेऊन मोजा. शिकणाऱ्यांच्या चित्रात सहसा बहुतेक कडा कडक निघतात, प्रत्येक गोष्टीला कापून चिकटवल्यासारखी बाह्यरेषा असते. ‘तो माझ्यापेक्षा मोठा कलाकार आहे’ या वाक्याने उद्या सकाळी काही करता येत नाही. ‘त्याच्या चौकोनात अकरांपैकी चार कडा हरवलेल्या आहेत, माझ्यात एकही नाही’ या वाक्याने येतं.

---

ब्रश_नंबर_आठ

टीका थांबवू नका, तिला जागा आणि वेळ ठरवून द्या.

मनात येणारी वाक्यं तीन जातींची असतात. ‘मला जमतच नाही.’ ‘चित्र मेलंय.’ ‘मधली टेकडी आकाशाइतकीच फिकट आहे.’ पहिलं माणसाबद्दल आहे, दुसरं अख्ख्या चित्राबद्दल, तिसरं कागदावरच्या एका ठिकाणाबद्दल. बोट ठेवून दाखवता येते तेवढीच टीका वहीत घ्यायची. बाकीची खोटी आहे असं माझं म्हणणं नाही, पण तिच्यातून पुढचं काम निघत नाही.

एक शंभरपानी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: कुठे, काय झालं, पुढच्या वेळी काय. नोंद अशी दिसेल: ‘डावीकडे पाण्याची कड. टेकडीचा रंग पाण्यात उतरला, पाणी अजून ओलं होतं. पुढच्या वेळी मध्ये दोन मिलिमीटर कोरडी पट्टी सोडायची.’ तिसरा रकाना भरता आला नाही तर ती नोंद खोडा.

एका चित्रामागे दोषांच्या जास्तीत जास्त दोन नोंदी. याचं कारण सरळ आहे, पुढच्या चित्रात दोनपेक्षा जास्त गोष्टींवर लक्ष ठेवता येत नाही. नऊ चुका लिहिल्या तर नवांपैकी एकही सुधारत नाही आणि वही म्हणजे आरोपपत्र होतं.

दोषांच्या आधी एक जमलेली गोष्ट लिहायची, तीही याच तीन रकान्यांत. ‘आकाश छान’ चालणार नाही. ‘आकाशाचा उजवा कोपरा, तकाकी मंदावल्यावर दाट राखाडी सोडला, कड मऊ आली, पुढेही एवढंच थांबायचं’ असं लिहा. ही नोंद मन रमवायला नाही. जमलेली गोष्ट कशी जमली हे लिहिलं नाही तर ती पुन्हा जमवता येत नाही, आणि बहुतेक लोक फक्त चुकाच लक्षात ठेवतात.

आता वेळ. परीक्षण दोनदाच करायचं. एकदा रंगाला हात लावण्याआधी, छोट्या पेन्सिल-रेखाटनावर. दोन बाय तीन इंचांचं, फक्त तीन छटांचं: पांढरं, मधलं, गडद. संयोजनाच्या, म्हणजे चित्रातल्या मांडणीच्या, निम्म्या चुका तिथेच दिसतात आणि खोडरबराने जातात. दुसऱ्यांदा चित्र पूर्ण झाल्यावर, चोवीस तासांनी. भिंतीला टेकवून सहा ते आठ फुटांवरून पाहा, डोळे किलकिले करून पाहा, आरशात पाहा, फोनवर काळंपांढरं करून पाहा. पांढऱ्या कार्डाचे दोन इंच रुंदीचे, काटकोनात कापलेले दोन तुकडे चित्राभोवती चौकटीसारखे ठेवा. टेबलावरचा पसारा नजरेआड झाला की चित्र वेगळंच दिसतं, आणि कडेचा एक इंच कापला की चित्र सावरतं का, तेही कळतं.

फाडण्याबद्दल. कमीत कमी तीस दिवस चित्र पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये ठेवायचं. मागे तारीख, कागद, वापरलेले रंग आणि हवा पेन्सिलने लिहा. तीस दिवसांनी फाडावंसं वाटलं तर फाडू नका, मागची बाजू वॉशच्या सरावाला घ्या. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १९०८ मध्ये ठरलेलं प्रदर्शन तोंडावर असताना कमळांच्या मालिकेतली किमान पंधरा चित्रं नष्ट केली. ते प्रदर्शन पुढच्या वर्षी, १९०९ मध्ये झालं. एवढ्या अनुभवी माणसाचाही त्या क्षणाचा संताप चित्रांवर निघू शकतो, तर आपला निर्णय तीस दिवस लांबवणं योग्यच.

---

ओला_कागद

पट्टी आजच रंगवतो. कडांचा हिशेबही आवडला. पण तिसरा प्रश्न राहिला. दोनच चुका लिहायच्या, चोवीस तास थांबायचं, अशाने मी सैल पडणार नाही का? ज्यांची चित्रं आवडतात ते लोक स्वतःवर फार कडक असतात असं वाटतं.

---

जुनं_पॅलेट

ही शंका रास्त आहे आणि मी वरच्या मंडळींपेक्षा थोडा वेगळा विचार करतो. कडक असायलाच हवं. जलरंग ढिलाईला माफ करत नाही. काळंपांढरं रेखाटन न करता थेट रंगाला बसणं, घाणेरड्या पाण्यात ब्रश धुणं, अर्धा अंगठा रंग पॅलेटवर काढून त्यात पूर्ण आकाश भागवणं, यांवर स्वतःला खडसावलंच पाहिजे. दोन भांडी पाणी, एक धुवायला आणि एक स्वच्छ, हा नियम मोडला तर तो मोडलाच. तिथे समजूत घालायची गरज नाही.

पण पाहा, या सगळ्या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. कडकपणा कृतीवर लावायचा. परिणामावर लावला तर तो वाया जातो, कारण पाणी कुठे वाहील याची खात्री या माध्यमात कुणालाच नसते. परीक्षा एकच: टीका करून झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ब्रश हातात येतो का? येत असेल तर ती टीका कामाची, कितीही तिखट असली तरी. चार दिवस कागदाकडे बघवत नसेल तर ती दर्जा वाढवत नाहीये, सराव बंद पाडतेय. आणि सराव बंद पडल्यावर दर्जा कशाने वाढणार?

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. डोळा हातापेक्षा आधी तयार होतो. वर्षभर चांगली चित्रं पाहिली की चूक ओळखण्याची क्षमता झपाट्याने वाढते. ब्रशवर पाणी किती आहे हे बोटांना कळायला मात्र शेकडो वॉश लागतात. त्या मधल्या काळात स्वतःचं प्रत्येक चित्र आधीपेक्षा वाईट वाटतं, आणि तेव्हाच लोक सोडून देतात. ताडून पाहायचं तर दोन वर्षांपूर्वीचं एक चित्र आणि आजचं एक चित्र, एकाच विषयाचं, शेजारी ठेवा. जुनं फाडलं असेल तर ही तुलना करताच येणार नाही, म्हणून वरचा तीस दिवसांचा नियम मी कायमचा करेन.

आणि गतीची तुलना तर अगदीच निरर्थक. इंग्लिश चित्रकार टर्नर १८५१ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या मागे राहिलेल्या संग्रहात तैलचित्रांशिवाय कागदावरची हजारो कामं होती. त्यांत नुसते रंगाचे पट्टे सोडून पाहिलेले असंख्य प्रयोग आहेत, प्रदर्शनात मांडण्यासाठी न केलेले. दुसरीकडे आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं पूर्ण करत. दोघांपैकी कुणाच्या संख्येवरून कुणाला कमी ठरवाल?

---

सावलीची_निळाई

जुनं पॅलेट यांच्या म्हणण्याला एक जोड. तुलना करताना पद्धत तपासा, माणूस नंतर. जलरंग म्हणजे एकच गोष्ट नाही. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योत हाताने झाकलेली, बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड. ते जलरंग आहे यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. असं काम संयमाने, थरावर थर चढवून, कडा ताब्यात ठेवून होतं. तुम्ही पाहता त्या रील बहुधा उलट पद्धतीच्या असतात: मोठा ब्रश, भरपूर पाणी, एका बैठकीत संपवलेलं. शिकणारा माणूस दोन्ही पाहतो आणि मनातल्या मनात मोकळेपणा एकाचा आणि बारकावा दुसऱ्याचा मागतो. असं चित्र दोघांपैकी कुणीच केलेलं नसतं. त्या नसलेल्या चित्राशी आपलं चित्र हरणारच.

म्हणून तीन महिन्यांसाठी एकच पद्धत ठरवा आणि पॅलेटच्या झाकणावर लिहून चिकटवा. ‘एका बैठकीत, तीन थर, १२ नंबरच्या खाली ब्रश नाही.’ मग झाडाला पानं दिसत नाहीत ही टीका आपोआप बाद होते, ती या पद्धतीची चूकच नाही.

---

तळेकाठ

१२ नंबरचा नियम उत्तम. फक्त ए-फोरवर तो जाचेल, शेवटच्या पाच मिनिटांत ८ नंबर चालू द्या. ४ नंबर मात्र खरोखर दूर ठेवा. टीका सुरू झाली की हात लहान ब्रशकडे जातो आणि मग दुरुस्त्या, टिंबं, काड्या सुरू होतात.

---

चौथा_स्टूल

दुसऱ्यांना दाखवण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. एकट्याने केलेली टीका एकाच सुरात फिरत राहते. तीन किंवा चार जणांचा गट करा, त्याहून मोठा नको. पंधरा दिवसांतून एकदा बसा, प्रत्येकाचं एकच चित्र, प्रत्येकी बारा मिनिटं.

क्रम ठरलेला असावा. पहिली तीन मिनिटं पाहणारे फक्त जे दिसतं ते सांगतात: ‘नजर आधी लाल छपराकडे जाते, मग उजवीकडून बाहेर पडते.’ चांगलं-वाईट काही नाही. मग चित्रकार एकच प्रश्न विचारतो, तोही जागेवर बोट ठेवून: ‘ही मधली झाडं मागे जातात का?’ पुढची पाच मिनिटं फक्त त्याच प्रश्नावर. शेवटी चित्रकार ऐकलेल्यांपैकी एक सूचना निवडून मोठ्याने सांगतो आणि बाकीच्या सोडून देतो.

‘कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘छान!’ मिळतं, आणि स्वतःवर टीका करणाऱ्या माणसाला ‘छान’ खरं वाटत नाही. तो त्यातही दया शोधतो. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळालं की त्यावर विश्वास बसतो. बैठकीत फोन काढून ‘हे बघ, अमुक कसं करतो’ दाखवायला मनाई करा. तिथून बैठक तुलनेवर घसरते आणि समोरचं चित्र राहून जातं. चित्रं नाव न घालता उलटी मांडून ठेवली आणि मग एकेक सरळ केली तर आणखी बरं, माणूस पाहून बोलणं कमी होतं.

लाइकच्या आकड्यावरून चित्राची प्रत ठरवू नका, हेही याच ओघात. तो आकडा टाकण्याच्या वेळेवर, विषयावर, तुमच्या ओळखीवर हलतो. चित्र टाकायचंच असेल तर वहीतली नोंद आधी पूर्ण करा, मग टाका. उलट क्रमाने केलं तर आकडा पाहून नोंद बदलते.

---

निळी_शाई

थोडक्यात पण महत्त्वाचं. वर लिहिलेलं सगळं चित्रावरच्या टीकेसाठी आहे. स्वतःला कमी लेखणं चित्रापुरतं न राहता झोप, भूक, नोकरी, घरातली माणसं इथपर्यंत पसरत असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकत असेल, तर ते वहीने सुटणारं नाही. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतूनही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येत असेल तर दोन आठवडे थांबू नका, आजच फोन करा. प्रश्नात तसं काही दिसत नाही, पण हा धागा पुढे आणखी कुणी वाचेल.

---

ओला_कागद

झोप-भूक व्यवस्थित आहे, पण नोंद योग्य जागी केलीत. शेवटचा प्रश्न: पहिल्या महिन्यात काय करू? कापसाचा कागद महाग पडतो, म्हणून त्यावर हात आणखी आखडतो. ‘हा वाया घालवायचा नाही’ असं वाटत राहतं.

---

ब्रश_नंबर_आठ

कागद महाग वाटतो म्हणूनच त्याचे लहान तुकडे करा. २२ बाय ३० चा एक कागद साडेपाच बाय साडेसात इंचांचे बरोबर सोळा तुकडे देतो. एका तुकड्याची किंमत सोळावा हिस्सा. ३०० जीएसएमचा हा आकार फारसा वाकत नाही, चारही बाजूंनी मास्किंग टेप पुरते.

विषय एकच ठेवा आणि तो नीरस असू द्या. घाट, मंदिर, नावा नकोत, त्यांची इतरांनी केलेली चित्रं तुमच्या डोक्यात आधीच भरलेली आहेत. खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, तिच्यामागचं एक झाड आणि आकाश पुरे. प्रत्येक तुकड्याला वीस मिनिटं, गजर लावून. पहिले आठ असे करा की प्रत्येकात एकच गोष्ट बदलते:

एक आणि दोन फक्त एका रंगात, बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी), तीन छटा. तीन आणि चार दोन रंगांत, अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना. पाचव्यात आकाश ओल्या कागदावर, सहाव्यात तेच आकाश कोरड्यावर. सातव्यात सगळ्यात गडद भाग सगळ्यात आधी, म्हणजे फिकटपणाची भीती राहते का ते कळेल. आठवं तुमच्या नेहमीच्या रंगांत.

आठ होईपर्यंत एकाही तुकड्याबद्दल मत द्यायचं नाही. मग आठही जमिनीवर मांडा, उभं राहून पाहा आणि त्यातले दोन निवडा. एकच चित्र समोर असलं की ‘चांगलं की वाईट’ हा प्रश्न येतो. आठ समोर असले की ‘यातलं कोणतं आणि का’ हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर वहीत लिहिता येतं.

उरलेल्या आठांत, निवडलेल्या दोघांत जे जमलंय तेच पुन्हा करून पाहा. आठवड्याला चार धरले तर महिन्यात सोळा होतात.

---

रेघ_आणि_डाग

पाचव्या आणि सहाव्याच्या मागे हवा आणि वेळ नक्की लिहा. दुपारी दोनला केलेला ओला वॉश आणि सकाळी सातचा, यांत एवढा फरक पडतो की चूक हाताची समजून बसाल. पंखा बंद ठेवा. हेअर ड्रायर वापरणार असाल तर तकाकी पूर्ण गेल्यावरच, एक फुटावरून. साचलेल्या पाण्यावर मारला तर रंग एका बाजूला ढकलला जातो आणि कड उमटते.

---

ओला_कागद

टाकी आणि तिच्यामागे शेवगा, हाच विषय घेतो. कागद उद्या आणतो. सोळा झाले की आठ-आठचे दोन फोटो इथे टाकेन. प्रश्न एकच असेल, पाण्याच्या टाकीच्या डाव्या कडेबद्दल.